डाव्या धारेची सुरी

आमच्या घरात सुरी ही पुरुषांच्या कमरेला असायची. स्वयंपाकघरात आडाळा होता, म्हणजे विळी. मासे, भाजी, फणस, सगळं त्याच्यावर. आडाळ्याचं पातं जागच्या जागी असतं आणि चिरायची वस्तू आपण त्याच्यावर नेतो, त्यामुळे सुटं पातं हातात धरायची सवय आम्हा बायकांना नव्हतीच. मला ती लागली ती सासरी, मिठबावात, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. पन्नासचं दशक तेव्हा संपत आलं होतं.

मी डावरी. माहेरी आईने जेवायचं आणि वाढायचं उजव्या हाताने करायला लावलं, ते अंगवळणी पडलं. बाकी केरसुणी, कोयती, सुई, सगळं आपोआप डाव्या हातात जायचं. सासूबाईंच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत गडबडीत मी डाव्या हाताने भात वाढायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला धरून पळी उजव्या हातात दिली. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "ह्या घरात ह्यां चलाचा नाय हां." पुन्हा बोलल्या नाहीत, पण माझ्या हाताकडे त्यांचं लक्ष असायचं. विहिरीवर रहाट ओढतानासुद्धा असायचं.

आमचे हे बोटीवर होते. मुंबईहून सुटणाऱ्या मालाच्या बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा, बहुतेक शिमग्याला, घरी यायचे. बाकी वर्षभर घरात मी, सासूबाई आणि मामंजी.

मामंजी हापूसची कलमं बांधत. तेव्हा आमच्याकडे भेट कलमच असायचं. रायवळ आंब्याचं रोप मातीच्या कुंडीत वाढवायचं. पावसाळा सरला की ती कुंडी हापूसच्या फांदीजवळ बांबूच्या माचीवर नेऊन ठेवायची. मग रोपाच्या खोडावर चार बोटं लांबीची साल, खालच्या थोड्या लाकडासकट, तासून काढायची. तेवढंच फांदीचंही तासायचं. दोन्ही तासलेल्या बाजू एकमेकींना लावून केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालपटाने, घट्ट आवळायच्या आणि वर शेणमातीचा लेप द्यायचा. कुंडीला रोज पाणी घालायचं. खोडं एकजीव झाली की फांदी जोडाच्या खालून कापायची, रोपाचा शेंडा वरून कापायचा. मुळं रायवळची, शेंडा हापूसचा. मामंजींची कलमं देवगडापर्यंत जात आणि लोक ती लावलेली झाडं पाहुण्यांना दाखवत.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर माची बांधताना मामंजी पडले. फार उंचावरून नव्हे, पण उजव्या हातावर पडले आणि मनगट मोडलं. हाडवैद्याने पट्ट्या लावून, पाला बांधून हात गळ्यात अडकवला. हाड सांधलं, पण बोटं आखडली. मूठ मिटेना.

पहिले काही दिवस सासूबाई त्यांना भरवायच्या. मामंजींना ते फार लागायचं. जेवायला बसले की मान खाली घालून चार घास घ्यायचे आणि पुरे म्हणायचे. एका दुपारी त्यांनी ताट सरकवलं.

"ल्हान पोरासारखो भरवून घेतंय मी. माका भूक नाय."

मी तिथेच बसले होते. न राहवून म्हटलं, "मामांनू, डावो हात घेवन बघा."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "डाव्या हातान जेवतले?"

मामंजींनी ताट परत ओढून घेतलं आणि डावा हात भातात घातला. भात बोटांतून गळायला लागला. मी समोर बसले, माझ्या डाव्या हातात थोडा भात घेतला आणि दाखवलं. "आंगठो आत नको. भायर ठेवा, आणि मगे त्येनाच पुढे ढकला." दोनतीनदा सांडलं. मग एक घास नीट तोंडात गेला. सासूबाईंनी वाटीतली आमटी त्यांच्या भातावर ओतली आणि म्हणाल्या, "आता कढत आसा तवसर जेवा." त्या दिवशी मामंजी पोटभर जेवले.

जेवण जमलं, पण कलमांचं काय? कुंड्यांतली रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती, बांधायची वेळ निघून चालली होती. मामंजी पडवीत बसून रोपांकडे बघत राहायचे. कुणाला बोलवावं तर ज्याला त्याला आपापली कामं.

"यंदाची कलमां रवली," ते एकदा म्हणाले.

"मी बांधू?" मी विचारलं.

"तू? माचयेर चढशीत?"

"चढतलंय."

सासूबाई आतून बाहेर आल्या. "बायल माणूस झाडार चढतला? गाव काय म्हणतलो?"

"गाव काय कलमां बांधूक येवचो नाय," मामंजी म्हणाले आणि खुंटीवरची आपली सुरी काढून डाव्या हाताने माझ्यापुढे धरली.

ती सुरी त्यांनी तरुणपणी खारेपाटणच्या बाजारातून आणली होती. वीतभर लांब, त्यातलं अर्धं पातं. घासून घासून पातं अरुंद झालेलं. मूठ शिसवीची, त्यांच्या हाताच्या घामाने काळी कुळकुळीत. म्यान पांगाऱ्याच्या लाकडाचं, दोन फाका सुतळीने बांधलेल्या. पांगारा हलका आणि मऊ, पण दमट हवेत फुगतो. त्यामुळे सुरी म्यानात इतकी गच्च बसे की काढताना म्यान दोन पायांत धरून ओढावं लागे.

मी साडीचा काष्टा आवळला आणि माचीवर चढले. मामंजी खाली उभे राहून सांगत होते. एवढं तास, आता थांब, आता फांदीला लाव. मी सांगतील तसं करत होते, पण सुरी माझं ऐकत नव्हती. सालीवर टेकवून खाली ओढली की पातं मध्येच आत शिरायचं. तासलेला भाग सपाट न होता होडीच्या पोटासारखा खोलगट व्हायचा. मला वाटलं, सवय नाही म्हणून. सोपट जास्त आवळून बांधलं, लेप जाड दिला आणि रोज पाणी घातलं. खांद्यावर कळशी, पायाखाली हलणारे बांबू. सासूबाई विहिरीपासून झाडापर्यंतची माझी ये-जा बघायच्या. काही दिवसांनी त्या स्वतः विहिरीवरून कळशी भरून माचीखाली आणून ठेवायला लागल्या. मी वर असताना त्या झाडाखालून हलत नसत.

कलमं धरली नाहीत. पौष संपताना एकेक सोपट सोडून बघितलं, तर दोन्ही खोडं अलग होत होती. मध्ये पोकळी, तिच्यात पाणी साचून लाकूड काळं पडलेलं. एकही जोड टिकला नाही. मी माचीवर बसून रडले. मामंजी खालून म्हणाले, "वर्सच वायट गेला. तुझो दोष नाय." ते मला बरं वाटावं म्हणून बोलत होते, हे मला कळत होतं.

शिमग्याला हे घरी आले. मी बांधलेली कलमं मेली हे आल्या आल्या त्यांच्या कानावर गेलं होतं. हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. आपल्या पट्ट्याची सुरी काढून मला म्हणाले, "ही बघ. बोटीवर दोरखंड कापूची सुरी. ह्येना लोणी कापतासारखा कापता."

शेजारचे मेस्त्री त्या वेळी आमच्याकडे येऊन बसले होते. किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती घरातले, आयुष्यभर बोटींवर सुतारकाम करून म्हातारपणी गावी परतलेले. ह्यांच्या सुरीचं कौतुक ऐकून ते उठून घरी गेले आणि आपली सुरी घेऊन आले. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते. मेस्त्रींच्या कुणा नातेवाइकाने तिकडून दिलेली ती सुरी. मग मामंजींनीही आपली मागवली. पडवीत गोणपाटावर तीन सुऱ्या आणि तीन म्यानं मांडली गेली आणि त्या सकाळी घरात दुसरा विषयच निघाला नाही.

दिसायला मेस्त्रींची सुरी सगळ्यांत देखणी. मूठ शिंगाची, पातं पातळ आणि आरशासारखं. म्यान काळ्या चामड्याचं, टोकाला पितळेची टोपी. पण पातं दाबलं की वाकायचं. मेस्त्री स्वतःच म्हणाले, "ही संत्रा सोलूची. काम करूची न्हय." ह्यांची सुरी त्याच्या उलट. पाठ जाड, टोक बोथट, म्हणजे बोट हलली तरी कुणाला भोसकणार नाही. म्यान जाड चामड्याचं, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेलं. ते खाऱ्या पाण्याने इतकं भिजलेलं असे की पातं आत ठेवलं की त्याला गंज चढायचा. आमचे हे रोज सकाळी पातं वाळूने घासायचे. आणि तिसरी मामंजींची. तिच्याकडे बघून कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशी.

मामंजींनी आंब्याची एक ओली फांदी आणवली. "तासून बघा," म्हणाले.

ह्यांनी मामंजींच्या सुरीने तासलं. हाताच्या तळव्यासारखं सपाट. आपल्या सुरीने तासलं, ते सपाट, पण कडेची साल चेंगरलेली. मेस्त्रींच्या वाकणाऱ्या सुरीने तासलेला भाग लाटेसारखा वरखाली झाला. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. ती सपाट फांदी बघून माझा हात थांबला. हीच सुरी, हेच झाड, आणि माझ्या हातात असं का नाही?

मी उठून गेले. "माका देवा बघू."

मामंजींची सुरी डाव्या हातात घेऊन मी तासलं. पुन्हा तोच खोलगट खड्डा. मग ह्यांची सुरी घेतली. खड्डा नाही. पुन्हा मामंजींची घेतली आणि तिचं पातं डोळ्यांसमोर आडवं धरून बघितलं. एक बाजू अगदी सपाट होती. दुसऱ्या बाजूने उतार देऊन धार काढलेली होती. ह्यांच्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार होता.

"मामांनू, ह्या सुरयेक एकाच बाजून धार आसा," मी म्हटलं. "उजव्या हातात धरली की सपाट बाजू झाडाक लागता. माझ्या हातात उतार झाडाक लागता, म्हणान ती आत घुसता."

हे हसले. "सुरयेक पण डावी उजवी आसता?"

मामंजी हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडून सुरी घेतली, डाव्या हातात. इतक्या महिन्यांत त्यांचा डावा हात बराच कामाला आला होता. फांदी गुडघ्याखाली दाबून त्यांनी तासलं. सुरी आत घुसली. दुसऱ्यांदा तासलं, पुन्हा घुसली.

"माकाय तसाच होता," ते हळूच म्हणाले. बराच वेळ ते पातं फिरवून बघत होते. मग ह्यांना म्हणाले, "आयुष्यभर ही सुरी माझ्या हातात होती रे. कधी दुसऱ्या हातात घेवकच लागली नाय, तर कळतला कसा?"

महिनेन् महिने मी स्वतःला नालायक समजत होते. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

ह्यांची रजा होती तोवर मी त्यांच्या सुरीने सराव करायचं ठरवलं. तिला डावं-उजवं नव्हतं. चामड्याचं म्यान मी साडीवरून बांधलेल्या दोरीत अडकवलं आणि माचीवर चढले. खाली सासूबाई वाळलेली पानं गोळा करत होत्या. मी फांदीकडे वाकले आणि म्यान उलटं झालं. जुनं, सैल पडलेलं चामडं. सुरी त्यातून सरळ निसटली आणि सासूबाईंच्या पायाजवळ मातीत रुतून उभी राहिली.

मी वरून नुसती बघत राहिले. सासूबाईंनी खाली बघितलं, मग वर बघितलं. सुरी उपटली, पदराला पुसली.

"खाली ये," म्हणाल्या.

मी उतरले. आता ही माची, ही कलमं, सगळं संपलं असं वाटत होतं. सासूबाईंनी सुरी माझ्या हातात दिली नाही. म्हणाल्या, "ही तुझी न्हय. ती दुसरी तुझ्या सासऱ्याची. दुसऱ्याच्या सुरये घेवन वर चढलंस तर एक दिवस कोणचो तरी जीव जातलो. चल."

"खंय?"

"लोहाराकडे."

लोहाराची शाळ, म्हणजे भट्टी, गावाच्या टोकाला. सासूबाई तिथे जाऊन भात्याजवळच्या दगडावर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "माझी सून डावरी आसा. कलमां बांधता. तिच्या हाताक व्हयी तशी सुरी करून दी. धार ह्या बाजून नको, त्या बाजून."

इतक्या वर्षांत त्यांनी 'डावरी' हा शब्द बाहेरच्या माणसापुढे कधी उच्चारला नव्हता. मी मान खाली घालून उभी होते, पण लाजेने नव्हे.

लोहाराने डोकं खाजवलं. "उलटी धार? माका सवय नाय गो वयनी. हात आपसूक हडेच जाता."

"मगे हाताक सांग."

त्याने जुन्या कानशीचा तुकडा तापवला, ठोकला, पातं केलं आणि दुसऱ्या दिवशी न्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खरंच सवयीने नेहमीच्याच बाजूने धार काढून ठेवलेली. तो बिचारा ओशाळला. सासूबाईंनी ती सुरी परत दिली आणि तो दुसरी करीपर्यंत तिथून उठल्या नाहीत. सहाणेवर पातं लावलं की दर वेळी म्हणायच्या, "फिरव. दुसऱ्या बाजून." शेवटी लोहारही हसायला लागला. ही दुसरी सुरी मी हातात घेतली तेव्हा अजून मूठही बसवलेली नव्हती, मुठीत जाणारी नुसती शेपटी होती. त्याच्याच अंगणातल्या काटकीवर ओढून बघितली. लाकडाची पातळ, सरळ ढलपी निघाली आणि खाली सपाट, पांढरा लाकडाचा पट्टा.

मूठ आणि म्यान मेस्त्रींनी केलं. माझी मूठ किती जाड हवी ते बघायला त्यांनी मला मऊ मेण दाबायला लावलं. म्यानासाठी ते आपल्या कोठारातून शिवणीच्या लाकडाचा तुकडा शोधून आले.

"पांगारो फुगता, चामडा सडता," ते म्हणाले. "शिवण ना फुगता, ना तडकता. आणि बाय, हयसर तळाक एक भोक ठेवतंय. पाणी गेला तर निचरून जातला."

दोन फाका आतून पात्याच्या मापाने कोरलेल्या, बाहेरून पितळेच्या तारेने बांधलेल्या. सुरी आत सारली की शेवटी टक् असा आवाज होऊन बसायची. मेस्त्रींनी म्यान उलटं करून जोरात झटकलं. सुरी हलली नाही. मग ते सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनीही उलटं करून झटकून बघितलं, दोनदा, आणि मग माझ्याकडे दिलं. कमरेला ते उजव्या अंगाला बांधायचं ठरलं, म्हणजे डावा हात समोरून येऊन सहज मूठ धरील.

हे बोटीवर परत गेले. पावसाळाभर मी पडवीत बसून काटक्या तासायची. मामंजी शेजारी बसून प्रत्येक काटकी डोळ्यांसमोर धरायचे. दोन तासलेल्या काटक्या जुळवून उजेडाकडे बघायचे. मधून उजेड दिसला तर ती जोडी पहिल्या ढिगात, नाही दिसला तर दुसऱ्या. दोन्ही ढीग पुढे चुलीतच जायचे. सुरुवातीला पहिला ढीग मोठा असायचा. नागपंचमीच्या सुमारास दोन्ही सारखे झाले. गणपती येईपर्यंत पहिल्या ढिगात टाकायला फारसं काही उरेना.

पाऊस उघडल्यावर मी माचीवर चढले. या खेपेला मामंजी सूचना देत नव्हते. झाडाखाली खाटेवर बसून ते सोपटं भिजवत होते आणि डाव्या हाताने एकेक वर देत होते. लेपाची माती सासूबाईंनी मळली. माझ्या तासण्यात मात्र सगळं चांगलंच होतं असं नाही. एका बाजूची फांदी फार वाकडी होती, तिच्यावरचे जोड मला तेव्हाच आवडले नव्हते, आणि पुढे तेच गेले.

बाकीचे धरले. माघात मामंजींनी पहिल्या जोडावरचं सोपट मला सोडायला सांगितलं. मी माचीवर, ते खाली. सोपट सुटलं, लेप गळून पडला. दोन्ही खोडांच्या मध्ये फटच नव्हती. साल सालीत मिसळून तिथे फुगीर, हिरवट गाठ आली होती. अंगठ्याने दाबली, कणखर लागली.

"काय गो?" मामंजींनी विचारलं.

"धरला," मी म्हटलं.

ते खाटेवरून उठले आणि माचीच्या शिडीवर दोन पायऱ्या चढून आले. सासूबाई ओरडल्या, पण ते आलेच. आखडलेल्या उजव्या हाताचा अंगठा त्या गाठीवर फिरवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"चेडवा, काप आता," लेकीला म्हणावं तसं म्हणाले. "खालून. घाई करू नको."

मी फांदी जोडाखालून थोडी कापली, काही दिवसांनी आणखी थोडी, आणि मग पूर्ण. हापूसची ती डहाळी आता रायवळच्या मुळांवर उभी होती. फाल्गुनात तिच्यावर तांबूस कोवळी पालवी आली.

त्या वर्षी वेंगुर्ल्याहून एका बागाईतदाराने कलमांची मागणी केली. वैशाखात, दर्या खवळायच्या आधी, मचव्यातून ती न्यायची होती. मामंजी जाणार होते, पण एका हाताने कुंड्या सांभाळणार कशा, म्हणून मीही जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सासूबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या. गाय-वासरू सांभाळायला मेस्त्रींच्या घरी सांगून आल्या होत्या.

"तू खंय?" मामंजींनी विचारलं.

"वेंगुर्ल्याक. जल्मात बघूक नाय मी."

मचव्यात पेंढा पसरून कुंड्या लावल्या होत्या. त्यांच्या मधल्या जागेत आम्ही तिघं बसलो. ऊन वाढलं तसं सासूबाईंनी फडकं भिजवून पालवीवर धरलं. वारा बरा होता. किनाऱ्याच्या माडांच्या रांगा मागे सरत होत्या.

"पुढच्या वर्सा रोपां वाढवूक व्हयी," सासूबाई म्हणाल्या.

"बांधतली कोण?" मामंजी.

"ही बांधतली. लेप मी लावतलंय. तुमी सोपटां देवा."

मामंजींनी मान डोलावली आणि मचवेवाल्याला विचारलं, वेंगुर्ल्याला चांगल्या मातीच्या कुंड्या कुठे मिळतात.